उताराची माती, निळीची कुंडी

जपानमध्ये हिंडायला येणाऱ्याला नुसती देवळे आणि किल्ले दाखवून आता भागत नाही, त्याच्या हाताला काहीतरी काम द्यावे लागते. कागद गाळा, भांडे वळा, कापड रंगवा, शेवया कापा, अशी आमंत्रणे गावोगावच्या पर्यटन कचेऱ्यांत टांगलेली असतात. तासा-दीड तासाची वेळ, ठरलेले शुल्क आणि शेवटी घरी न्यायला स्वतःच्या हातची एक वस्तू, असा सगळा चोख मामला असतो. या प्रकाराबद्दल माझ्या मनात पहिल्यापासून अढी होती. कोणत्याही कारागिरीतले सर्वांत स्वच्छ, सर्वांत देखणे आणि सर्वांत शेवटचे काम तेवढे पाहुण्याच्या हाती द्यायचे, आणि त्याआधीचे महिनोन्‌महिन्यांचे कष्ट पडद्याआड ठेवायचे, ही त्यातली सोय मला खटकत असे. शिकोकू बेटावरचा तोकुशिमा प्रांत हिंडल्यानंतर ही अढी गेली असे मी म्हणणार नाही, पण असा एखादा अनुभव घ्यायचा की नाही हे कशावरून ठरवावे, ते मात्र मला थोडे उमगले.

जपानच्या चार मोठ्या बेटांपैकी शिकोकू सर्वांत लहान, आणि तोकुशिमा हा त्याचा पूर्वेकडचा प्रांत. त्याचे जुने नाव आवा. शेजारच्या कोची प्रांतातल्या डोंगरांत उगम पावणारी योशिनो नदी उत्तरेकडे डोंगर कापत येते, मियोशीपाशी पूर्वेकडे वळते आणि 194 किलोमीटरचा प्रवास संपवून तोकुशिमा शहराजवळ समुद्राला मिळते. बाहेरच्यांना या प्रांतातल्या दोन गोष्टी ठाऊक असतात, नारुतोच्या सामुद्रधुनीतले भोवरे आणि ऑगस्टच्या मध्यावर होणारा आवा ओदोरी हा नाच. भोवरे भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून गेले तरच धड दिसतात. नाचाचे म्हणाल तर शहरातल्या सभागृहात पाहुण्यांनाही पुढे बोलावून उजव्या हाताबरोबर उजवा पाय टाकायला लावतात आणि सगळ्यांची यथेच्छ फजिती होते. दोन्हींत मजा आहे, पण माझे मन रमले ते नदीच्या काठाने उलटे, समुद्राकडून डोंगराकडे जाताना.

माझा भाचा ओसाकात नोकरीला आहे. दुभाषा, वाटाड्या आणि हिशेबनीस अशी तिन्ही कामे त्याच्याकडे होती. नदीच्या मुखाजवळच्या सपाटीवर आइझुमी नावाचे गाव आहे. तिथल्या एका जुन्या निळीच्या व्यापाऱ्याच्या वाड्याचे आता संग्रहालय झाले आहे, आणि त्याच्याच आवारात रुमाल किंवा पंचा रंगवून पाहता येतो. रंगशाळेत पाऊल टाकताच पहिल्यांदा येतो तो वास. तो ना फुलाचा, ना रसायनाचा. गोठा, आंबलेले पीठ आणि ओली राख यांच्या मधला कुठलातरी. जमिनीत पुरलेल्या कुंड्यांच्या तोंडावर जांभळट, तांब्याची झाक असलेला फेस जमलेला असतो, आणि फेस चांगला असला की कुंडी जिवंत आहे असे रंगारी समजतो. कापडाला घड्या घालून, रबराचे पट्टे आवळून ते कुंडीत बुडवायचे, आणि हात आत असताना पाणी ढवळले जाऊन हवा आत शिरणार नाही याची काळजी घ्यायची. बाहेर काढलेले कापड निळे नसतेच. ते हिरवट पिवळे, शेवाळासारखे असते. मग हवेत धरल्यावर कडांकडून आत त्याचा रंग बदलू लागतो आणि पाहता पाहता हिरवे मागे हटून निळे पुढे येते. कापड पुन्हा बुडवायचे, पुन्हा हवेत धरायचे. जितक्या वेळा बुडवावे तितका रंग गडद. हातमोजे देतात, पण मोजा मनगटापाशी गळला की नखांच्या कडा पुढे बरेच दिवस निळ्या राहतात.

यामागचे रसायन सरळ आहे. नीळ पाण्यात विरघळत नाही. राखेच्या पाण्याने खारवलेल्या कुंडीत जिवाणू तिला विरघळणाऱ्या, फिकट रूपात आणतात, ती धाग्यात शिरते, आणि हवेतला प्राणवायू लागला की पुन्हा न विरघळणारी होऊन तिथेच अडकते. रंगवणाऱ्याचा हात या दोन अवस्थांच्या मधल्या थोड्याशा वेळापुरता कामी येतो.

इथपर्यंत माझी अढी जागच्या जागी होती. ती हलली ती संग्रहालयाच्या दुसऱ्या दालनात, जिथे कुंडीत पडण्याआधी निळीचे काय होते ते मांडून ठेवले आहे. आपल्याकडची नीळ शेंगावर्गातल्या झुडपाची. तिचा पाला हौदात भिजवून, घुसळून, खाली बसलेला गाळ वाळवायचा आणि वड्या पाडायच्या अशी रीत. जपानी नीळ वेगळ्याच वनस्पतीची आहे आणि तिची रीतही उफराटी आहे. वसंतात पेरणी आणि रोपांची लावणी, उन्हाळ्यात कापणी, मग पाला चिरून, देठ वाऱ्याने वेगळे काढून उन्हात वाळवायचा. शरदात हा सुका पाला मातीच्या जमिनीच्या कोठारात रचून त्यावर पाणी मारतात, आणि चार-पाच दिवसांनी ढीग उलथून पुन्हा पाणी मारतात. असे सुमारे 100 दिवस चालते. ढीग आतून इतका तापतो की उलथताना वाफेचे लोट उठतात आणि अमोनियाने डोळे चुरचुरतात. थंडी वाढली की त्यावर गवती चटया पांघरतात. पाणी किती घालायचे हे ठरवणारा वेगळा जाणकार असे, मिझुशी नावाचा, कारण पाणी कमी पडले तर पाला कुजत नाही आणि जास्त झाले तर सडतो. शेवटी हाती येते ते काळे, मातीसारखे सुकुमो. ते गवताच्या पोत्यांत भरून रंगाऱ्याकडे जाते, आणि तिथे राखेचे पाणी, गव्हाचा कोंडा, चुना आणि तांदळाची दारू घालून कुंडी लावली जाते. हे सुकुमो तयार करणारे आइशी आज हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच उरले आहेत.

म्हणजे मी जे केले ते जवळजवळ वर्षभराच्या कामातले शेवटचे काही मिनिटांचे काम होते, आणि संग्रहालयाने हे लपवले नव्हते. उलट ज्या हातांनी रुमाल रंगवला त्याच हातांना पुढच्या दालनात सुकुमोचा ढेकूळ चिमटीत धरून पाहता येतो. एवढ्याने फार फरक पडतो.

ही नीळ इथेच का रुजली, याचे उत्तर नदीत आहे. योशिनोला पुरते बांध नव्हते तेव्हा टायफूनच्या दिवसांत ती दरसाल खालची सपाटी बुडवत असे. भात उभे असताना पूर आला तर हंगाम गेला. नीळ मात्र पुराच्या आधीच कापून होई, आणि पुराने आणलेला गाळ पुढच्या वर्षीच्या शेताला मिळे. नीळ जमिनीचा कस फार ओढते, त्यामुळे गाळाखेरीज उत्तरेकडून जहाजांनी सुक्या मासळीचे खतही आणावे लागे. हाचिसुका घराण्याच्या सरदारांनी या पिकाला पाठबळ दिले, व्यापारी गबर झाले, आणि त्यांच्या पैशावर आवातले नाच आणि बाहुल्यांचे नाटक पोसले गेले. नदीच्या वरच्या अंगाला वाकिमाची हे त्या व्यापाऱ्यांचे गाव अजून उभे आहे. एक सरळ पेठ, दोन्ही बाजूंना पांढऱ्या गिलाव्याची घरे, आणि शेजारच्या घराची आग आपल्याकडे येऊ नये म्हणून छपराजवळ काढलेल्या छोट्या भिंती, ज्या हळूहळू आगीपेक्षा श्रीमंती दाखवण्याच्याच कामी येऊ लागल्या. तासाभरात गाव पाहून होते.

आवाच्या निळीला पहिला धक्का जर्मनीने दिला अशी माझी समजूत होती. जर्मनीतल्या कारखान्याने कृत्रिम नीळ बाजारात आणली ती 1897 साली. पण त्याआधीच, बंदरे खुली झाल्यावर, 1868 साली सुरू झालेल्या मेइजी काळात हिंदुस्थानातली स्वस्त नीळ जपानी बाजारात येऊ लागली होती. ती स्वस्त का होती, हे आपण शाळेत वेगळ्या धड्यात शिकलेलो असतो. बिहारमध्ये वीस कठ्ठे जमिनीमागे तीन कठ्ठ्यांत नीळ लावण्याची तीनकठिया सक्ती आणि बंगालमधल्या रयतेचे हाल, ही त्या स्वस्ताईची दुसरी बाजू. 1917 साली गांधीजी चंपारण्यात गेले ते याच सक्तीच्या विरोधात. आइझुमीच्या त्या दालनात उभे असताना, एका शेतकऱ्याच्या पिकाचा भाव दुसऱ्या शेतकऱ्याच्या बळजबरीने पाडला गेला हे लक्षात आले, आणि हातातला रुमाल मला जरा अवघड वाटू लागला. आपल्याकडच्या सूत निळीने रंगवणाऱ्या निराळी समाजाचेही या उलथापालथीत काय झाले, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. जपानमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अन्नधान्यासाठी निळीची लागवड थांबवण्यात आली, आणि कुणीतरी चोरून थोडे थोडे पेरत बियाणे जिवंत ठेवले म्हणून आज हे पीक उरले आहे.

मियोशीच्या पुढे नदी दक्षिणेकडे वळते, दरी अरुंद होते आणि ओबोकेची घळ लागते. इथे खडक थर लावल्यासारखे तिरपे उभे आहेत आणि पाणी काचेसारखे हिरवे. रबरी तराफ्यातून या प्रवाहात उतरता येते. जागतिक राफ्टिंग स्पर्धा 2017 साली इथेच झाली होती. भाचा पुढे आणि मी मागे, दोघेही हेल्मेट आणि जाकीट घालून, वाटाड्याच्या आरोळीसरशी वल्ही मारत होतो. मला पोहता येते, तरी पहिल्या खळाळात तोंडात गेलेल्या पाण्याची थंडी दातांपर्यंत पोचली. हा अनुभव निखळ आनंदाचा, आणि त्यावर तत्त्वज्ञान रचण्याची गरज नाही. एवढेच नोंदवते की वरच्या अंगाला सामेउरा धरण झाल्यापासून या नदीचे पाणी शिकोकूच्या चारही प्रांतांना वाटून दिले जाते. ज्या मोकाट पुराने खालची नीळ पोसली तो आता आवरला गेला आहे, आणि निळीच्या शेतांत भात आणि भाज्या आल्या आहेत.

ओबोकेहून डावीकडे चढले की इया नावाचे खोरे. 1185 साली मिनामोतो घराण्याकडून हरलेले ताइरा घराण्याचे लोक इथे येऊन लपले अशी दंतकथा आहे, आणि पाठलाग झालाच तर तोडून टाकता यावा म्हणून त्यांनी वेलींचा पूल बांधला असे सांगतात. पूल 45 मीटर लांब, 2 मीटर रुंद, आणि नदीपासून 14 मीटर उंच. रानटी किवीच्या जातीच्या जाड वेली विणून तो बांधलेला आहे, आणि पाय ठेवायला आडव्या टाकलेल्या ओंडक्यांमधून खालचे पाणी सरळ दिसते. आत पोलादी तार आहे. मधल्या काळात इथे तारांचाच पूल होता आणि 1928 साली वेलींचा पुन्हा बांधण्यात आला. काही प्रवासी तार दिसली की फसवणूक झाल्यासारखे तोंड करतात. मला ते पटत नाही. तार माणसाला तोलते, पण वेली दर तीन वर्षांनी बदलाव्याच लागतात. त्यासाठी थंडीत डोंगरावर जाऊन कित्येक टन वेल कापून आणावी लागते, ती वाकवून विणावी लागते, आणि ते जाणणारी माणसे टिकवावी लागतात. पूल ओलांडायला मला पाच मिनिटे लागली असतील, कठड्याला दोन्ही हातांनी धरून. माझ्या पुढची शाळकरी मुलगी हात सोडून पळत गेली.

या खोऱ्यात माणसे कमी होत चालली आहेत. आणखी आत, नागोरो नावाच्या वस्तीत, एका बाईंनी गाव सोडून गेलेल्या आणि वारलेल्या माणसांच्या जागी कापडाच्या, माणसाएवढ्या बाहुल्या बसवल्या आहेत. बस थांब्यावर, शेतात, आणि 2012 साली बंद पडलेल्या शाळेच्या वर्गांतही त्या बसलेल्या दिसतात. लोक छायाचित्रे काढायला येतात. मीही एक काढले आणि लगेच पुढे निघाले.

आम्ही राहिलो ते उतारावरच्या एका शेतकऱ्याच्या घरी. घरातल्या वडीलधाऱ्या बाई, ओबासान, सत्तरीच्या पुढच्या, आणि त्या पाहुण्यांना सोबा करायला शिकवतात. सोबा म्हणजे कुट्टूच्या शेवया. भाच्याने त्यांना सांगितले की ही माझी मावशी, हिला स्वयंपाकातले सगळे कळते. यात बरीच अतिशयोक्ती होती, पण त्याचा परिणाम असा झाला की मला तयार पिठावर न बसवता त्यांनी थेट जात्यावर बसवले. दगडी जाते, वरच्या तळीला लाकडी खुंटा, मूठ मूठ दाणे टाकत फिरवायचे. दोन घास होतील एवढे पीठ पडायला जो वेळ लागला त्यात माझा खांदा बोलू लागला. ओबासान शेजारी बसून हलक्या आवाजात गाऊ लागल्या. इयाचे दळणाचे गाणे जपानमध्ये प्रसिद्ध आहे, त्यात वेलींच्या पुलाचाही उल्लेख येतो. चाल संथ आणि लांबवलेली, आणि जात्याच्या फेऱ्याशी बरोबर जुळणारी.

माझ्या आजीच्या घरी जाते होते, पण मी कळती होईपर्यंत ते अंगणात उलटे पडलेले होते. आपल्याकडच्या ओव्या मी ऐकल्या त्या ध्वनिफितीवर. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावागावांतून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या नसत्या, तर त्याही ऐकायला मिळाल्या नसत्या. तेव्हा ‘पहिली माझी ओवी’ म्हणत जाते ओढणाऱ्या बाईला गाणे का लागते, याचे उत्तर मला एका जपानी घरात, स्वतःच्या खांद्यातून मिळाले. मी भाच्याकरवी ओबासानना सांगितले की आमच्याकडेही बायका पहाटे असेच गात दळत. त्या म्हणाल्या, इथे रात्री दळत. दिवसा शेत असे. भाच्याने मला ओवी म्हणायला सांगितले. मी दोन ओळी म्हटल्या, आणि ओबासान माझ्या आवाजापेक्षा माझ्या हाताकडे पाहत राहिल्या, कारण गाताना माझे जाते थांबत होते.

पुढचे काम पाहुण्यांचे नेहमीचे. इयाच्या सोब्यात चिकटपणासाठी गव्हाचे पीठ जवळजवळ घालत नाहीत, म्हणून पीठ मळताना ते सारखे भेगाळते, लाटताना कडा तुटतात, आणि शेवया जाड, आखूड होतात. शहरी उपाहारगृहातला लांबसडक सोबा पाहिलेल्याला हे पाहून हसू येते. गरम रश्श्यात पडल्यावर त्या तुकड्यांना कुट्टूचा असा खमंग वास सुटतो की हसू आवरते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओबासान शेतावर निघाल्या, आणि आम्हीही मागे गेलो. पश्चिम आवातली ही शेती 2018 साली जागतिक कृषी वारसा म्हणून मान्य झाली आहे. आपल्या मनात डोंगरातली शेती म्हणजे पायऱ्या पायऱ्यांची खाचरे असतात. इथे तसे नाही. उतार आहे तसाच ठेवून, काही ठिकाणी तर 40 अंशांपर्यंतच्या उतारावर कुट्टू, बटाटे, राळे पेरतात. माती वाहून जाऊ नये म्हणून डोंगरमाथ्यावरच्या कुरणातले उंच गवत शरदात कापायचे, त्याच्या उभ्या शंकूसारख्या गंजी रचायच्या, आणि पुढे ते चिरून शेतात पसरायचे. ते माती धरून ठेवते आणि कुजून खत होते. तरीही माती खाली सरकतेच. मग पेरणीआधी ती रुंद दातांच्या दाताळ्याने खालून वर ओढायची, दर वर्षी, शेताच्या तळापासून माथ्यापर्यंत.

कडेच्या तुकड्यात गेल्या हंगामाची वाळलेली ताटे होती. कणीस आत वळलेल्या बोटांसारखे. मी ते हातात घेऊन भाच्याला म्हटले, ही नाचणी आहे. त्याने ओबासानना विचारले, आणि त्या म्हणाल्या की हे जुने धान्य, आता थोडे थोडेच लावतो. नाचणीला जपानीत शिकोकूचेच नाव आहे, आणि या डोंगरांत ती पिढ्यान्‌पिढ्या पिकते. कोकणातल्या आणि मावळातल्या वरकस उतारांवर आपले लोक राब भाजून जे पीक काढत आले, तेच इथे गवत पसरून काढतात. राबाला आग लागते, धूर होतो, आणि वनखात्याशी वाद होतात. इथे गवत कापायला माणूस लागतो आणि माणूसच मिळत नाही. दोन्हीकडचे उतार वेगवेगळ्या कारणांनी ओस पडत आहेत.

मी दाताळे मागितले. ओबासाननी आधी नको म्हटले, मग दिले. पाय आडवे रोवून, कमरेतून वाकून, चढाच्या बाजूला माती ओढायची; दर ओढीला तिच्यातली अर्धी पुन्हा पायाशी येते. मी एका सरीची हातभर लांबी केली तोवर त्यांनी शेजारची सरी संपवली होती आणि त्या बसून चहा ओतत होत्या. जागतिक वारसा, कुट्टूची फुले आणि गवताच्या गंजी यांची छायाचित्रे माहितीपत्रकात असतात. माती वर ओढणाऱ्या माणसाची पाठ त्यात सहसा नसते.

निघताना भाच्याने हिशेब केला. खोली, दोन वेळचे जेवण आणि सोब्याचे शुल्क असे तीन आकडे त्यांच्या कागदावर होते. मी म्हटले, माती ओढण्याचेही शुल्क लावा, खरा अनुभव तोच. भाच्याने सांगताच त्या खूप हसल्या आणि म्हणाल्या, त्या कामाचे पैसे मीच द्यायला हवेत, पण तुमच्या हातभर सरीचे किती होणार? मग त्यांनी एका कागदी पिशवीत वाटीभर नाचणी घालून माझ्या हातात ठेवली, आणि पेरणीच्या आधी येणार असाल तर आठवडाभर आधी कळवा म्हणाल्या, म्हणजे एक दाताळे जास्तीचे काढून ठेवता येईल.